तुला गरज नाही

आई,

तुझ्या सकाळच्या वर्गाबद्दल तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं. तू असताना विषय निघाला असता तर मी काहीतरी तिरकं बोलून उठून गेले असते, आणि तूही मला जाऊ दिलं असतंस. आता मी तुझ्या शेवटच्या वयापेक्षा बरीच मोठी झाले आहे. शाळेतून निवृत्त झाले, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर दर वर्षी बदलतो. आणि तरी तो वर्ग आठवला की मला तेच होतं, जे तेव्हा व्हायचं. त्याला मी पुष्कळ नावं देऊन पाहिली. कधी वाईट वाटणं म्हटलं, कधी राग म्हटलं. पण तो मत्सर आहे. सरळ, साधा, अजून न विझलेला मत्सर.

साताऱ्यातलं आपलं घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. पुढची खोली आणि मागं स्वयंपाकघर, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत. वडील, आपले दादा, सांगलीला पाटबंधारे खात्यात होते, शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचे आणि सोमवारी सकाळी परत जायचे. बाकीचे दिवस आपण दोघीच. लोकांना वाटायचं, एकुलती एक मुलगी, आई शिक्षिका, म्हणजे हिची चंगळ आहे. तू मुलींच्या शाळेत अकरावीला इंग्रजी शिकवायचीस. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची, आणि इंग्रजी म्हणजे निम्म्या मुलींच्या शिक्षणाचा शेवट असायचा. बाकी सगळ्या विषयांत पास होऊन नुसत्या इंग्रजीत आपटलेल्या मुली घरी बसायच्या आणि वर्षाच्या आत त्यांची लग्नं लागायची. तुला ते सहन व्हायचं नाही. पहिली चाचणी झाली की तू नापास होऊ घातलेल्या मुली निवडायचीस आणि शाळेआधी त्यांना घरी बोलवायचीस. थंडीत त्या शाली गुंडाळून, तळवे चोळत यायच्या आणि पुढच्या खोलीत सतरंजीवर दाटीवाटीनं बसायच्या. बहात्तर साली मीही अकरावीत आले. पहिल्या सकाळी मीही वही घेऊन त्यांच्यात जाऊन बसले. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "तुला गरज नाही. तू पास होणारच आहेस. सगळ्यांना चहा टाक." वाक्य साधं होतं. ऐकणाऱ्या मुलींना त्यात माझं कौतुकच दिसलं असणार. मी उठले आणि स्टोव्ह पेटवायला गेले.

शाळेत तू चांगलं शिकवायचीस, पण शाळेत वर्ग खच्चून भरलेला असायचा, पुस्तक संपवायचं असायचं, आणि तुझा आवाज जरा सरकारी व्हायचा. सतरंजीवर तू दुसरीच बाई असायचीस. फळ्यांच्या अलीकडून मी ऐकते आहे. उताऱ्याचा सारांश कसा लिहायचा ते तू सांगते आहेस. तुमच्या आजीला कमी ऐकू येतं असं समजा, तिच्या कानाशी ओरडून किती सांगाल, तेवढंच लिहा. पत्रलेखन शिकवताना तू रजेच्या अर्जापासून सुरुवातच करायची नाहीस. जिच्यावर रागावला आहात तिला आधी पत्र लिहा, म्हणायचीस, मग बघा शब्द कसे सापडतात. कवितेच्या दिवशी पुस्तकं मिटायला लावायचीस. कविता तू स्वतः वाचायचीस, सावकाश, दोनदा, आणि विचारायचीस, काय दिसलं? अर्थ विचारायची नाहीस. एकदा कुणीतरी भीत भीत म्हणाली, बाई, नुसतं पाणीच दिसलं. तू म्हणालीस, मग झालं की, अर्ध्या कवितेत पाणीच तर आहे. सगळ्या हसल्या आणि तूही हसलीस. माझ्याशी तू हसायचीस ते संध्याकाळचं हसणं होतं, शाळेतून दमून आल्यावरचं. हे सकाळचं होतं, ताजं. मी चहात साखर घालत उभी होते आणि त्या हसण्याचा मला इतका राग आला की साखर किती घातली ते विसरले. चहा पाजून झाल्यावर बघितलं तर कप अर्धेच रिकामे झाले होते.

बहात्तरच्या दुष्काळात, जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आमच्या वर्गात ती नवी मुलगी आली. जतच्या पलीकडच्या कुठल्याशा वाडीतली. घरी मेंढरं होती आणि घरची बोली कानडी. तिकडं विहिरींनी तळ दाखवला, वडील मेंढरं घेऊन पाण्याच्या मागं निघून गेले आणि तिच्या मामानं तिला साताऱ्याला आणलं. मामा पोलिसात होता, पोलीस लाइनीत राहायचा. ती उंच होती, हात लांब, आणि कपडे कुणाचे तरी कमी करून घातल्यासारखे. पहिल्याच दिवशी तिला उशीर झाला. दारात उभी राहून ती म्हणाली, "बाई, मी आलो." वर्ग फिसकन हसला. तिकडं बायकापोरी अशाच बोलतात हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? ती दारातच थिजली. तू खडू खाली ठेवलास आणि आम्हाला म्हणालीस, "हसायला काय झालं? इंग्रजीत पुरुषानं म्हटलं तरी 'आय केम', बाईनं म्हटलं तरी 'आय केम'. म्हणजे इंग्रजीत हिची चूक होणारच नाही. तुमच्यापेक्षा एक पायरी पुढं आहे ही." मग तिला आत बोलावून पुढच्या बाकावर बसवलंस, माझ्या शेजारी. आम्ही सगळ्या तिला जतचीच म्हणायला लागलो. मी अजूनही मनात तेच म्हणते.

चाचणीत तिला जेमतेम काही गुण मिळाले आणि ती सतरंजीवर आली. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती तुला सांगत होती, "मला इंग्रजी येत न्हाई बाई. मराठी बी धड येत न्हाई. खरं मी रोज येतो." तिकडं 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात, हे तू मला नंतर सांगितलंस, नवीन दागिना दाखवावा तसं. त्या शनिवारी दादा जेवायला बसले तेव्हा तू त्यांना तिच्याबद्दलच सांगत होतीस. या मुलीला मराठीही परकी आणि इंग्रजीही परकी, त्यामुळं तिला इंग्रजीची लाजच वाटत नाही, आपल्या मुलींना वाटते. 'आपल्या मुलींना' म्हणताना तू माझ्याकडं बघितलंस असं मला वाटलं. बघितलं नसशीलही. दादा म्हणाले, आमटी छान झालीय. आमटी मी केली होती.

आठवणीतल्या एका दिवसावर इंग्रजीत निबंध लिहायला तू सगळ्या वर्गाला सांगितलंस. मी महाबळेश्वरची सहल लिहिली. गाईडातली वाक्यं मला पाठ होती. पूर्वेला आगीच्या गोळ्यासारखा उगवणारा सूर्य होता, मंद वारा होता, पाखरांचा किलबिलाट होता. संध्याकाळी भात शिजेपर्यंत तू स्वयंपाकघरातच पाटावर बसून वह्या तपासायचीस, बोटांना खडू तसाच. त्या दिवशी तू तिची वही उघडलीस आणि मोठ्यानं वाचायला लागलीस. वाडीत पाण्याचा टँकर आला, एवढंच तिनं लिहिलं होतं. लोक भांडी घेऊन पळाले. कुणी बोललं नाही, नुसता भांड्यांचा आवाज. आणि मागं उभ्या राहून मेंढ्या आमच्याकडं बघत होत्या. तिनं लिहिलं होतं, शीप इज लुकिंग टू अस. ते वाक्य तू दोनदा वाचलंस. मी तिथंच उभी होते, म्हणाले, "'आर' पाहिजे तिथं. आणि 'टू' नाही, 'ॲट'." तू वर न बघता म्हणालीस, "ते करू नंतर दुरुस्त. आधी मेंढ्या आल्या ना घरात." आणि तू खरोखरच दाराकडं बघितलंस.

मग माझी वही काढलीस. वाचून शेवटी बरोबरची खूण केलीस आणि म्हणालीस, शुद्ध आहे, एकही चूक नाही. मी वाट बघत उभी होते. मग तू म्हणालीस, "बसमध्ये तुला उलटी झाली होती. थंडीनं तू रडली होतीस आणि माझ्या पदरात शिरून बसली होतीस. ते कुठं आहे? यात कुणीच नाही गं. हे कुणीही लिहिलं असतं." तू रागावून बोलली नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. भाताला उकळी आली आणि तू उठलीस.

दिवाळीनंतरच्या चाचणीत मी मुद्दाम चुका केल्या. तुला ते लगेच कळलं होतं, पण मी ते का केलं हे तुला किती कळलं ते मला ठाऊक नाही. मला सतरंजीवर बसायचं होतं. चांगलं लिहून तू मिळत नव्हतीस, म्हणून वाईट लिहून बघितलं. क्रियापदं उलटीसुलटी केली, स्पेलिंगं मोडली, सारांश मूळ उताऱ्याहून मोठा केला. संध्याकाळी मेथी निवडायला समोर बसवलंस आणि पेपर पुढ्यात ठेवलास. "या चुका कुणाच्या?" मी म्हणाले, माझ्याच. तू म्हणालीस, "इतकी वर्षं चुकाच तपासते मी. मुली चुकतात त्याला कारण असतं. कानडी बोलणारी एका तऱ्हेनं चुकते, मराठी बोलणारी दुसऱ्या. तुझ्या चुकांना काही कारणच नाही." मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं. मी म्हणाले, मला पण सकाळी बसायचं आहे. तू मेथीची दुसरी जुडी सोडलीस. मग म्हणालीस, तुला घेतलं तर त्यातल्या एका मुलीचं कमी होईल. सतरंजीवर जागा आहे की, मी म्हणाले. तू देठ बाजूला टाकलेस आणि म्हणालीस, "जागेचं नाही बोलत मी. माझं बोलते आहे."

हे वाक्य मी इतक्या वेळा उलटसुलट करून बघितलं आहे. तुझ्यापाशी किती होतं, आणि ते तू कसं वाटत होतीस, याचा हिशेब तू एकटीच करत होतीस. त्यात माझा वाटा मला आधीच देऊन झाला आहे असं तू धरलं होतंस. मला तो कधी मिळाला ते मला आठवत नव्हतं.

फेब्रुवारीत सराव परीक्षा झाली. तोपर्यंत जतची लिहायला लागली होती. शुद्ध नाही, पण लिहायला लागली होती, आणि सुरू झाली की थांबायची नाही. निबंधातच तिचा सगळा वेळ गेला, सारांश आणि व्याकरण कोरंच राहिलं, आणि ती नापास झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग संपल्यावर तू तिला थांबवून घेतलंस. हातातलं घड्याळ काढलंस. बी.ए. झालीस तेव्हा आजोबांनी दिलेलं ते चावीचं घड्याळ, जे तू आंघोळीशिवाय कधी काढायची नाहीस, ते तू तिच्या मनगटावर बांधलंस. पट्टा शेवटच्या भोकातही सैल व्हायला लागला म्हणून दाभणानं नवं भोक पाडलंस. काटा इथं आला की निबंध सोडायचा, वाक्य अर्धं असलं तरी सोडायचा, असं तिला काचेवर बोट ठेवून दाखवलंस. परीक्षा संपेपर्यंत हे तुझ्याकडंच राहू दे, म्हणालीस. ती हात अंगापासून लांब धरून, जणू त्याला ओलं लागलंय, अशी बाहेर पडली. मी रिकामे कप गोळा करत होते. माझ्याकडंही घड्याळ नव्हतं. ती गेल्यावर मी तसं म्हटलं. तू म्हणालीस, तुला वेळेचा अंदाज आहे. माझ्यापाशी जे काही होतं ते सगळं, आई, मला काही न देण्याचं कारण होत होतं.

बोर्डाच्या इंग्रजीच्या पेपरला ती माझ्या पुढं दोन बाक सोडून बसली होती. माझा पेपर वेळेआधी संपला. मग मी तिच्या मनगटाकडंच बघत बसले. ती मान खाली घालून लिहीत होती आणि मधूनच घड्याळ पुढं ओढून बघत होती. एकदा बघितलं, आणि लिहिता लिहिता तिचा हात थांबला. पान उलटलं आणि ती पुढच्या प्रश्नाकडं वळली. तू सांगितलं होतंस तसं, वाक्य अर्धंच टाकून. तिची पाठ मला दिसत होती, ते टाकताना तिला काय वाटलं ते तिच्या पाठीवरून कळत होतं. ते घड्याळ बंद पडावं असं त्याआधी मला वाटत होतं. तिनं पान उलटल्यावर वाटेना.

निकाल लागला. इंग्रजीत मी शाळेत पहिली आले. तू शिरा केलास, शेजारी वाटलास, दादांना तार केलीस. सगळं रीतसर केलंस. दुपारी जतची पळत आली. दारात चपला काढायचंही तिला सुचलं नाही. पास झाले म्हणाली, म्हणजे 'झालो' म्हणाली, इंग्रजीत काठावर, पण पास. तू तिच्या पाठीवर हात ठेवलास, तिला शिऱ्याची बशी दिलीस, मामाला सांगायला धाडलंस. ती गेल्यावर तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलीस आणि पदर तोंडाला लावून रडलीस. खांदे हलत होते तुझे. मी तुला त्याआधी रडताना बघितलंच नव्हतं. माझ्यासाठी शिरा झाला आणि तिच्यासाठी तू रडलीस. मी माझी बशी तशीच ठेवली. तू डोळे पुसून विचारलंस, गोड जास्त झालंय का?

जतला परत जाण्याआधी तिचे वडील तिला न्यायला आले होते. पागोटं काढून दाराबाहेरच उभे राहिले, कितीही म्हटलं तरी आत येईनात. कानडीत काहीतरी बोलले. ते म्हणतायत, बाईंना द्यायला आमच्याकडं दुसरं काय न्हाई, असं तिनं सांगितलं, आणि काळं जाड घोंगडं तुझ्या हातात दिलं. त्याला मेंढरांचा वास होता. मी म्हणाले, उन्हात टाकू, मग माळ्यावर ठेवू. तू ते त्याच दिवशी तुझ्या अंथरुणावर घातलंस. आपण सांगलीला राहायला गेलो, तुला तिथल्या शाळेत नोकरी मिळाली, मी तिथल्या कॉलेजात गेले, बिऱ्हाड दोन वेळा बदललं, पण घोंगडं होतं तसंच तुझ्या अंगावर राहिलं.

तिचं लग्न सांगलीजवळच्या आष्ट्यात झालं. उसाचं घर, नवरा पलटणीत. तू लग्नाला गेलीस, मी परीक्षेचं निमित्त सांगून राहिले. मग बाजाराच्या निमित्तानं ती सांगलीला यायची आणि तुझ्याकडं यायची. तुम्ही मागच्या पडवीत बसायचात. मी घरात असले तर माझ्या खोलीचं दार लोटून घ्यायचे. दारातून शब्द ऐकू यायचे नाहीत, हसणं यायचं.

आणि मग ते दशक सरता सरता तू गेलीस. शाळेतून आलीस, पाणी मागितलंस, मी तांब्या भरून आणेपर्यंत खुर्चीत मान कलली होती. दिवसकार्याला ती आली, तान्ह्या मुलाला घेऊन. बायका स्वयंपाकघरात भाज्या चिरत बसल्या होत्या, ती त्यांच्यात बसली आणि सगळ्यांना तुझ्याबद्दल सांगायला लागली. मी पोळ्या लाटत होते. बोलता बोलता ती म्हणाली, "बाई सोताच नापास झाल्या हुत्या तवा त्यांच्या वडलांनी..." मी लाटणं थांबवलं. कोण नापास झालं होतं, विचारलं. "बाई की. मॅट्रिकला, पयल्या खेपेला, इंग्रजीत. तुला ठावं न्हाई?" आजोबा महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते, तू गोठ्यावरच्या माळ्यावर बसून अभ्यास केलास आणि दुसऱ्या खेपेला सुटलीस, हे सगळं तिला माहीत होतं. सराव परीक्षेत नापास झाल्यावर ती रडत होती, तेव्हा तू तिला घरापासून शाळेपर्यंत चालत नेताना सांगितलं होतंस. मी म्हणाले, "ठाऊक आहे की मला." आणि पुढची पोळी लाटायला घेतली. ती पोळी नकाशासारखी झाली.

पुढं मीही इंग्रजीचीच शिक्षिका झाले, सांगलीतच. मुलांना परीक्षेसाठी तयार करण्यात माझी सगळी नोकरी गेली. कमी ऐकू येणारी आजी, रागाचं पत्र, मिटलेलं पुस्तक, सगळं मी फळ्यांच्या भिंतीआडून चोरलेलंच वापरलं. आणि मला कळलंही. वर्षभर पान कोरं ठेवणारा एखादा मुलगा एक दिवस मोडकंतोडकं पण स्वतःचं असं एक वाक्य लिहितो, तेव्हा शिकवणारीच्या आत जे काही हलतं ते शुद्ध लिहिणाऱ्या मुलीनं वही भरून लिहिलं तरी हलत नाही. नापास झाल्याचं नापास होणाऱ्यालाच सांगतात, हेही कळलं. पहिल्या आलेल्या मुलीला ते सांगून करायचं काय? सगळं कळलं, आई. कळून काही कमी झालं नाही.

वर्षातून एक-दोनदा मी आष्ट्याला जाते. घरी सांगते, नवा गूळ आणायला. ती घरापुढच्या सोप्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसते, मी शेजारी बसते, आणि बोलणं फिरवून फिरवून तुझ्यावर आणते. मग ती देते. तुला शीळ वाजवता यायची. शाळातपासणीचे साहेब यायचे त्या सकाळी तुझ्या पोटात कळ यायची. एकदा तुम्ही दोघी एसटी स्टँडवर उभ्या राहून कागदात भजी खाल्लीत आणि तू तिला म्हणालीस, घरी सांगू नकोस. घरी म्हणजे मला. मी हसते, विचारते, अजून काय म्हणायची? एकदा धीर करून विचारलं, माझ्याबद्दल काही बोलायची का? ती खोटं बोलणारी बाई नाही. तिनं आठवून बघितलं आणि म्हणाली, "तुजं? म्हणायच्या, तिची मला काळजी न्हाई."

गेल्या खेपेला तिनंच मला धरलं. "एवढी वर्सं मीच सांगतो. तू कायच सांगत न्हाईस. एक तरी सांग की. बाई घरात कशा हुत्या?" मी आठवायला लागले. वह्या आठवल्या, भात आठवला, तुझी दमलेली पाठ आठवली. तिला देण्यासारखं काही हाताला लागेना. आणि मग मी सांगायला सुरुवात केली. एकदा तू शाळेला चक्क दांडी मारलीस, मलाही मारायला लावलीस, आणि टांगा करून आपण जवळच्या माहुलीला गेलो, कृष्णेच्या संगमावर. घाटाच्या पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडले. तू उकडलेल्या शेंगा आणल्या होत्यास. तुझी एक चप्पल पाण्यात पडली आणि वाहत गेली, मी धरायला धावले तर तू माझा हात धरून ठेवलास, म्हणालीस, जाऊ दे, तू बस. मग दुसरी चप्पलही तू मागं सोडून दिलीस. परत येताना टांग्यात अनवाणी बसली होतीस आणि सगळ्या रस्ताभर हसत होतीस.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. कुठलं लुगडं नेसल्या हुत्या, तिनं विचारलं. मी म्हणाले, अंजिरी, बारीक काठाचं. शेंगा कशात बांधल्या होत्या? माझ्या जुन्या ओढणीत. तिनं शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "हे बाई मला कवाच बोलल्या न्हाईत." म्हणताना तिनं तोंड बाजूला केलं, पण तोपर्यंत मी बघितलं होतं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आयुष्यभर आतून ओळखते. परतीच्या एसटीत गुळाची ढेप मांडीवर घेऊन बसले होते, आणि इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आपण माहुलीला कधीच गेलो नव्हतो, हे तुला सांगायला नको. ती दिवाळीत पुन्हा विचारणार, आणि दुसरी एक गोष्ट माझ्याकडं तयार आहे. हा कागद तिच्या नजरेला पडता कामा नये, म्हणून तो आज बंबात जाईल. फक्त एक होतंय. तू टांग्यात अनवाणी बसलेली, पायाची बोटं ओली, हे मला हल्ली नीट आठवायला लागलं आहे.